'बार्न' म्हणजे गोठा?

प्रश्न असा आला आहे: इंग्रजी कथेतल्या 'बार्न'ला मराठीत 'गोठा' म्हटलं तर चालेल का?

कथा अमेरिकेतली असेल तर चालून जाईल. तिथे खाली गुरं आणि माळ्यावर गवत असा प्रकार सर्रास आहे. जुन्या इंग्लंडातली असेल तर मुळीच नाही. तरी भाषांतरांत जिथे तिथे गोठाच! गोठा म्हणजे गोष्ठ, गाई उभ्या राहायची जागा. इंग्लंडातल्या जुन्या बार्नमध्ये मळणीआधीच्या पेंढ्या रचत.

खरी गंमत पुढे आहे. जुन्या इंग्रजीत हा शब्द 'बेरे-आर्न'. बेरे म्हणजे सातू, आर्न म्हणजे घर. झाडाझडती घेणे या अर्थाचा 'रॅन्सॅक' नॉर्समधून आला, त्यातलं 'रॅन' या 'आर्न'चंच भावंड. घर धुंडाळणं हा त्याचा मूळ अर्थ. 'बार्ली'च्या पोटातही तोच बेरे. आता एसेक्समधल्या क्रेसिंग टेंपलला चला. टेंप्लर या लढवय्या पंथाची दोन लाकडी बार्न तिथे अजून उभी आहेत: बार्ली बार्न, लाकडातल्या वर्षकड्यांवरून साधारण १२०५ ते १२३५ मधलं, आणि व्हीट बार्न, १२५७ ते १२८० मधलं. म्हणजे एक सातूचं सातूघर, दुसरं चक्क गव्हाचं सातूघर!

कोशांत 'धान्याचे कोठार' देतात, तेही मला पटत नाही. कोठारात मळून झालेलं धान्य जातं. बार्नमध्ये समोरासमोरच्या दोन मोठ्या दारांमध्ये खळंच असतं: गाडी आत घ्यायची, पेंढ्या उतरवायच्या, तिथेच झोडपायच्या, आणि दारांतून आरपार वाहणाऱ्या वाऱ्यावर दाणे उफणायचे. सांगाडा ओकचा. खांबांच्या दोन रांगा, मध्ये उंच भाग, दोन्ही अंगांना पडव्या. खांबांच्या दोन जोड्यांमधला तो आपला खण. ओक ओला असतानाच कापतात, सुकला की हत्याराला दाद देत नाही. वर त्यातलं आम्ल लोखंडी खिळे खातं, म्हणून सांध्यांना सुक्या ओकच्या खुंट्या. सांधा घट्ट खेचला जावा म्हणून कुसवातलं, म्हणजे खाचेत शिरणाऱ्या टोकातलं, भोक सुतभर खांद्याकडे, म्हणजे कुसवाच्या बुडाकडे, सरकवून पाडायचं. ते उलट बाजूला सरकलं तर तीच खुंटी सांधा उघडते.

'मळणीघर' लिहा.