सोनोग्राफीत खडा दिसला नाही, मग एमआरसीपी कशाला?

वडिलांना कावीळ, सोनोग्राफीत सीबीडी (यकृतातून आतड्यात पित्त नेणारी मुख्य नळी) 11 एमएम, खडा दिसला नाही आणि डॉक्टरांनी एमआरसीपी (पित्तनळ्यांचा एमआरआय स्कॅन) लिहून दिलीय, तर हा उगाच खर्च आहे का, डायरेक्ट दुर्बिणीनेच का बघत नाहीत असं तुम्ही विचारलंय. मी एमआरआय टेक्निशियन आहे, असे पेशंट आमच्याकडे नेहमी येतात. करून घ्या.

सोनोग्राफी पहिली तपासणी म्हणून चांगलीच, नळी फुगलीय हे ती लगेच सांगते (साधारण 6 एमएमपर्यंत नॉर्मल धरतात, वय झालं किंवा पित्ताशय काढलेलं असलं तर थोडी जास्त चालते). पण नळीचं खालचं टोक आतड्याच्या मागे जातं, आतड्यात गॅस असतो आणि गॅसच्या पलीकडचं सोनोग्राफीत दिसत नाही, म्हणजे खडा जिथे जाऊन अडकतो बहुतेक वेळा तीच जागा झाकलेली. त्यामुळे दिसला नाही म्हणजे नाहीच असं धरू नका.

एमआरसीपीत साचलेलं पित्त पांढरंशुभ्र दिसतं आणि खडा त्यात काळा ठिपका. रेडिएशन नाही, साध्या एमआरसीपीला इंजेक्शनपण लागत नाही. अडथळा खड्याचा आहे, नळी आकसलीय की स्वादुपिंडाकडून गाठ दाबतेय याचा अंदाज येतो, गाठीची शंका आली की मग कॉन्ट्रास्ट सीटी (शिरेतून औषध देऊन केलेला सीटी स्कॅन). आधीच सीटी का नाही, तर कोलेस्टेरॉलचे बरेच खडे सीटीत दिसतच नाहीत. अगदी बारीक खडे मात्र एमआरसीपीतूनही निसटतात, तेव्हा ईयूएस (दुर्बिणीच्या टोकाने पोटाच्या आतून केलेली सोनोग्राफी) करतात.

आता दुर्बीण, म्हणजे ईआरसीपी, तोंडातून आतड्यात पित्तनळीच्या तोंडापर्यंत नेतात ती. तिच्यातून खडा काढता येतो, स्टेंट टाकता येतो, पण नंतर शंभरातल्या साधारण 3 ते 10 जणांच्या स्वादुपिंडाला सूज येते आणि ती कधीकधी फार वाईट असते, म्हणून नुसतं बघण्यासाठी ती आता करत नाहीत.

पण थंडी वाजून ताप आला, किंवा ते गुंगल्यासारखे वाटले तर स्कॅनच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी ॲडमिट करा, नळीत इन्फेक्शन झालं की जिवावर बेततं आणि मग डॉक्टर थेट ईआरसीपीपण करतात. आणि प्लीज काविळीची माळ, नाकात घालायचं गावठी औषध यात दिवस घालवू नका, बुजलेली नळी त्याने मोकळी होत नाही.

स्कॅनला 4 ते 6 तास उपाशी आणा, शुगरची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी विचारा. पेसमेकर किंवा अंगात कुठे क्लिप, रॉड असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगा. मध्येमध्ये श्वास रोखायला सांगतात, घरी थोडी प्रॅक्टिस करून घ्या, श्वास हलला की फोटो हलतो.