हल्ली तो विचारत नाही

प्रश्न : ताई, लग्नाला दोन वर्षं झाली. नवरा डॅनिश, आम्ही डेन्मार्कमध्येच असतो. पलंग एक, पण दुलया दोन! दिवा चालूच. बटाटे वाढता वाढता ‘आज रात्री मूड आहे का?’ असं विचारायचा. मग ऐन वेळी थांबून ‘हे आवडतंय का, की दुसरं काही?’ मला तोंडी परीक्षेला बसल्यासारखं व्हायचं, हसूच फुटायचं. हल्ली विचारत नाही, तेवढीच शांतता. पण आमच्या संस्कृती कधी जुळतील का?

उत्तर : दुलयांचं आधी उरकू. तिकडे कितीतरी जोडपी आपापली दुलई घेऊन झोपतात, तरी पाळणे हलतातच. आणि दिव्याला बटण असतं.

विचित्रच म्हणायचं तर जग फार मोठं आहे. २०१५ साली अभ्यासकांनी १६८ संस्कृतींची पाहणी केली, तर त्यातल्या फक्त ४६ टक्के संस्कृतींत प्रेमी जनांचं ओठांवरचं चुंबन आढळलं. पापुआ न्यू गिनीतल्या ट्रोब्रिअंड बेटांवर तर शृंगारात एकमेकांच्या पापण्यांचे केस दातांनी तोडायची रीत असल्याचं मानववंशशास्त्रज्ञ मॅलिनोव्स्कीने शंभरेक वर्षांपूर्वी नोंदवलंय. तुझ्या पापण्या शाबूत आहेत ना? मग झालं.

मी अडले ती ‘हल्ली विचारत नाही’ इथे. एवढ्या चटकदार पत्रात हे तू जाता जाता टाकलंस, वर शांतता म्हणालीस. का थांबला गं तो? त्याच्या देशात १९७० पासून शाळेत लैंगिक शिक्षण सक्तीचं आहे. संमतीशिवायचा संबंध म्हणजे बलात्कार, असा कायदा २०२१ पासून लागू आहे. विचारणं त्याच्या अंगवळणी पडलेलं. अंगावर कपडा नसताना त्याने मनापासून विचारलं, आणि तू उशीत तोंड खुपसून खिदळलीस! माणूस दोनदा विचारेल, चारदा विचारेल, मग गप्प बसेल. इथे डेन्मार्कचा काय संबंध? कुठल्याही गावचा नवरा हेच करेल. संस्कृतीच्या नावाने पावती फाडू नकोस, त्याला गप्प तू केलंस.

तेव्हा आज रात्री जेवताना तू विचार. त्याचाच प्रश्न, त्याच टेबलावर. लाज वाटली तर ताटाकडे बघत विचार. तो आधी दचकेल, मग तुला काय आवडतं ते विचारेल. तेव्हा ‘काहीही चालेल’ म्हणालीस तर मला पुन्हा पत्र लिहू नकोस. एक तरी गोष्ट नाव घेऊन सांग. हसायचंय ते त्यानंतर, दोघं मिळून.