व्हॉलीबॉल शिकताय? स्मॅशच्या आधी पहिला टच पक्का करा

तुमचा प्रश्न असा आहे की गावाकडे लहानपणापासून शूटिंग व्हॉलीबॉल खेळलोय, आता ऑफिसच्या टीममध्ये स्मॅशिंग व्हॉलीबॉल खेळायचंय, स्पर्धा तीन आठवड्यांवर आलीय, तर बेसिक नियम आणि टेक्निक कुणीतरी नीट सांगा. सांगतो. मी कॉलेजच्या टीममधून खेळलोय आणि आता संध्याकाळी आमच्या इथल्या ग्राउंडवर पोरांना शिकवतो, त्यामुळे शूटिंगमधून आलेल्या प्लेयरला नेमकं काय जड जातं ते रोज डोळ्यासमोर असतं.

आधी चांगली गोष्ट सांगतो, शूटिंग खेळलेल्या माणसाची नजर तयार असते, बॉल कुठे पडणार ते त्याला लवकर कळतं आणि फास्ट बॉलची त्याला भीती नसते. अडचण हाताची आणि जागेची येते. तिकडे हात जोडून जोरात बॉल मारायची सवय आणि प्रत्येकाची जागा ठरलेली, इकडे पहिला बॉल मारायचा नसतो तर आपल्याच सेटरला, म्हणजे स्मॅशसाठी बॉल वर उचलून देणाऱ्या प्लेयरला, अलगद द्यायचा असतो, आणि जागा सारखी बदलत राहते. म्हणून मी पुढे जे काही लिहितोय त्यातलं एकच लक्षात राहिलं तरी पहिला टच लक्षात ठेवा, पहिला टच चांगला असेल तरच सेटरला सेट करता येतो आणि सेट चांगला असेल तरच स्मॅश होतो, सगळं त्या पहिल्या बॉलवर लटकलेलं आहे.

नियम आधी पटकन बघू. कोर्ट १८ मीटर लांब आणि ९ मीटर रुंद, मधोमध नेट, म्हणजे प्रत्येक टीमला ९ बाय ९ चा चौकोन मिळतो. पुरुषांसाठी नेटची उंची २.४३ मीटर, महिलांसाठी २.२४ मीटर. मधल्या रेषेपासून ३ मीटरवर दोन्हीकडे एक रेषा असते, तिचं महत्त्व पुढे सांगतो. प्रत्येक बाजूला सहा प्लेयर, तीन पुढे आणि तीन मागे. आपल्या बाजूला बॉल आला की जास्तीत जास्त तीन टचमध्ये पलीकडे पाठवायचा, ब्लॉकमध्ये, म्हणजे नेटजवळ हात वर करून समोरचा बॉल अडवताना, हाताला लागलेला टच या तिनात धरत नाहीत, म्हणजे ब्लॉकला लागून बॉल आपल्याकडे पडत असेल तर अजून पूर्ण तीन टच शिल्लक असतात आणि ज्याने ब्लॉक केला तोच पुढचा टच घेऊ शकतो. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि बॉल तसाच पडू देतात. एरवी एकाच प्लेयरने लागोपाठ दोनदा बॉल खेळायचा नाही. बॉल पकडायचा नाही, हातात थांबवून फेकायचा नाही. पायाला लागला तरी चालतं, अंगाच्या कुठल्याही भागाने बॉल खेळता येतो. रेषेवर पडलेला बॉल आत धरतात, रेषेची कड जरी घासली तरी आत.

पॉइंटचं गणित आता सोपं आहे. पूर्वी ज्याची सर्व्हिस त्यालाच पॉइंट मिळायचा आणि सेट, म्हणजे मॅचमधला एक डाव, १५ चा असायचा, मॅच लांबत जायच्या, १९९० च्या दशकाच्या शेवटी ते बदललं आणि आता प्रत्येक रॅलीला, म्हणजे सर्व्हिसपासून बॉल मरेपर्यंतच्या खेळाला, कुणाला ना कुणाला पॉइंट मिळतोच. सेट २५ चा, पण दोन पॉइंटची आघाडी हवी, २४-२४ झालं तर २६-२४, नाहीतर २७-२५ असं पुढे चालू राहतं. पाच सेटच्या मॅचमध्ये पाचवा सेट १५ चा असतो. ऑफिसच्या स्पर्धेत बहुतेक वेळा तीनच सेट ठेवतात, ते आधी विचारून घ्या.

आता रोटेशन, शूटिंगवाल्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो म्हणून जरा सावकाश सांगतो. जागांना नंबर असतात. नेटकडे तोंड करून उभं राहिलं की मागे उजवीकडे एक नंबर, त्याच्या पुढे नेटजवळ उजवीकडे दोन, नेटजवळ मध्ये तीन, नेटजवळ डावीकडे चार, त्याच्या मागे पाच आणि मागे मध्ये सहा. सर्व्हिस एक नंबरवाला करतो. समोरच्यांची सर्व्हिस होती आणि रॅली आपण जिंकली तर पॉइंटही आपला आणि सर्व्हिसही आपली, अशा वेळी सगळ्यांनी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने एक जागा सरकायचं, दोन नंबरवाला एक नंबरवर येतो आणि तोच सर्व्हिसला जातो. आपलीच सर्व्हिस होती आणि आपणच पॉइंट घेतला तर कुणी सरकायचं नाही, तोच प्लेयर सर्व्हिस करत राहतो. चुकीच्या प्लेयरने सर्व्हिस केली तर पॉइंट समोरच्यांना जातो, त्यामुळे आपल्या आधी कोण आणि आपल्या नंतर कोण एवढं प्रत्येकाने पाठ ठेवायचं, नंबर विसरला तरी चालेल. आणि एकदा सर्व्हिस झाली, बॉल खेळात आला, की जागा बदलायला मोकळीक आहे, सेटर पळत नेटजवळ जाऊ शकतो, स्मॅशर आपल्या आवडत्या बाजूला जाऊ शकतो. फक्त मागच्या तिघांनी ब्लॉक करायचा नाही, आणि पुढच्या ३ मीटरच्या पट्ट्यातून उडी मारून नेटपेक्षा वरचा बॉल मारायचा नाही. मागच्या प्लेयरला स्मॅश मारायचाच असेल तर त्या रेषेच्या मागून उडी घ्यायची, उतरताना पुढे आला तरी हरकत नाही. रेषेवर पाय पडला की फॉल्ट.

नेटचे फॉल्ट म्हणाल तर बॉल खेळताना नेटला हात किंवा अंग लागलं की पॉइंट गेला. मधल्या रेषेला पाय लागला तर लगेच फॉल्ट नाही, पाऊल पूर्ण पलीकडे गेलं की फॉल्ट. सर्व्हिस नेटला घासून पलीकडे पडली तर आता ती चालते, जुने लोक अजून परत घ्या म्हणून ओरडतात, तुम्ही बॉल खेळून मोकळे व्हा.

आता जे मला मनापासून सांगायचंय ते, रिसीव्ह, म्हणजे समोरून आलेला बॉल घेणं, तोच तो पहिला टच. दोन्ही हात पुढे, एका हाताची बोटं दुसऱ्या हाताच्या बोटांवर, दोन्ही अंगठे शेजारी शेजारी सरळ खाली, कोपरं ताठ. बॉल मनगटाच्या जरा वर, हाताचा जो सपाट भाग तयार होतो त्यावर घ्यायचा, मुठीवर किंवा अंगठ्यावर अजिबात नाही. शूटिंगवाले इथे मुठीने खाडकन मारतात आणि बॉल झाडावर जातो. हात हलवायचे नसतात, बॉलचा जोर बॉलमध्येच असतो, आपण फक्त त्याला दिशा द्यायची. जोराची सर्व्हिस असेल तर हात स्थिर ठेवून उलट खांदे जरा सैल सोडायचे, हळू बॉल असेल तर गुडघ्यांतून उठून त्याला उचलायचं, पण हातांचा झोका द्यायचा नाही. दिशा हातांच्या कोनावर ठरते. बॉल उजवीकडून आला असेल आणि सेटर डावीकडे असेल तर उजवा खांदा जरा वर करून हातांचा सपाटपणा सेटरकडे वळवायचा. बॉल द्यायचा कुठे? नेटपासून हातभर मागे, दोन आणि तीन नंबरच्या मध्ये, चांगला उंच, म्हणजे सेटरला बॉलच्या खाली पोचायला वेळ मिळतो. नेटला चिकटलेला पास सगळ्यात वाईट, समोरचा ब्लॉकर तोच बॉल मारतो. त्यापेक्षा कोर्टच्या मध्यात उंच गेलेला पास परवडला, तिथून कुणीही काहीतरी करू शकतो.

पण खरं रिसीव्ह पायांनी होतं. गुडघे वाकवलेले, वजन पुढच्या पंजावर, टाचा जमिनीवर टेकवून उभा राहिलेला माणूस अर्धा सेकंद उशिरा निघतो आणि मग वाकडा होऊन हात लांबवतो. सर्व्हिस करणाऱ्याच्या हाताकडे बघायचं, त्याचे खांदे कुठे वळलेत ते बघायचं, बॉल सुटला की दोन छोट्या पावलांत त्याच्या समोर जायचं आणि बॉल येईपर्यंत थांबलेलं असायचं. पळता पळता घेतलेला पास दहातून सात वेळा तरी फुकट जातो असा माझा अंदाज आहे. आणि आवाज द्यायचा, 'माझा' म्हणून मोठ्याने. ऑफिसच्या मॅचमध्ये निम्मे पॉइंट दोन चांगल्या प्लेयरच्या मध्ये बॉल पडून जातात, दोघं एकमेकांकडे बघत राहतात.

हा पहिल्या टचचा आग्रह काही माझाच नाही. १९६४ ला टोकियो ऑलिंपिकमध्ये व्हॉलीबॉल पहिल्यांदा आलं, तेव्हा जपानच्या मुलींनी सोव्हिएत युनियनला सरळ तीन सेटमध्ये हरवून सुवर्ण घेतलं. त्यातल्या बहुतेक जणी एकाच कापड कंपनीच्या टीममधल्या, कामाचे तास संपल्यावर रात्री उशिरापर्यंत प्रॅक्टिस करायच्या. त्यांचे कोच हिरोबुमी दायमात्सू यांनी जमिनीवर झेपावून बॉल उचलायचा आणि त्याच झोक्यात लोळण घेऊन लगेच उभं राहायचं हे त्यांच्याकडून घोटून घेतलं होतं. समोरच्या टीमचा जोर मोठा होता, पण बॉल खालीच पडेना म्हटल्यावर जोर किती पुरणार. नंतर १९८४ ला अमेरिकेच्या पुरुषांनी सुवर्ण घेतलं तेव्हा त्यांनी सर्व्हिस घ्यायचं काम मुख्यतः दोघांवरच सोपवलं होतं, त्यातला एक कार्च किराय. बाकीच्यांना त्या कामातून मोकळं केलं. तुमच्या टीममध्येही असे दोन-तीन हात शोधा आणि त्यांना जास्त जागा द्या, सगळ्यांना सारखी वाटणी करायचा हट्ट नको. मोठ्या स्पर्धांत आता वेगळ्या रंगाच्या जर्सीतला लिबेरो असतो, १९९८ ला तो नियमात आला, तो फक्त मागे खेळतो आणि त्याचं कामच बॉल वर ठेवणं.

सेटिंगचं थोडक्यात सांगतो, कारण ते वाचून येत नाही, भिंतीवर रोज शेकड्याने बॉल मारूनच येतं. दोन्ही हात कपाळाच्या वर, अंगठे आणि तर्जनी मिळून त्रिकोण, बॉल बोटांच्या पेरांवर घ्यायचा, तळव्यावर नाही, आणि गुडघे-कोपरं एकदम सरळ करत सोडायचा. आधी बॉलच्या खाली जाऊन उभं राहायचं. दोन्ही हातांतून बॉल एकाच वेळी सुटला पाहिजे, नाहीतर डबल टचची शिट्टी वाजते. नवीन टीमने क्विक बॉलच्या, म्हणजे नेटजवळ कमी उंचीच्या झटपट सेटच्या, नादी लागू नये, चार नंबरला उंच बॉल द्यायचा, बस. सेटरला बोटांनी जमत नसेल तर त्याने खालच्या हाताने उंच बॉल द्यावा, त्यात काही कमीपणा नाही.

सर्व्हिस तीन आठवड्यांत नक्की सुधारते. सुरुवातीला अंडरहँड करा, पण आत पाडा. ती दहापैकी नऊ आत पडायला लागली की फ्लोटकडे, म्हणजे बॉल न फिरवता वरून मारायच्या सर्व्हिसकडे, जा. बॉल फार उंच उडवायचा नाही, डोक्याच्या वर हातभर पुरे, तळव्याच्या टाचेकडच्या कडक भागाने बरोबर मध्यावर मारायचं आणि मारल्यावर हात तिथेच थांबवायचा, मनगट वळवायचं नाही. बॉल फिरला नाही की हवेत डगमगतो आणि घेणाऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही कुठे पडणार. शिट्टी झाल्यापासून आठ सेकंदांत सर्व्हिस करायची असते आणि मारताना मागच्या रेषेवर पाय द्यायचा नाही.

स्मॅश तुम्हाला सगळ्यात आधी हवाय हे माहितीये. उजव्या हाताने मारणाऱ्यासाठी शेवटची तीन पावलं डावा, उजवा, डावा अशी, पहिलं सावकाश आणि शेवटची दोन पटकन, तेव्हाच दोन्ही हात मागे नेऊन जोरात वर आणायचे, त्याने उडी वाढते. बॉल खांद्याच्या जरा पुढे, हात पूर्ण वर असताना मारायचा आणि मनगट खाली झटकायचं. नव्या माणसाची एकच चूक असते, तो लवकर पळतो आणि बॉलच्या खाली जाऊन अडकतो. सेट उंच असेल तर बॉल वर जाऊन खाली यायला लागेपर्यंत थांबायचं. दरवेळी जोरात मारायची गरज नाही, ब्लॉकच्या मागे अलगद ड्रॉप टाकला किंवा कोपऱ्यात प्लेसिंग केली तरी पॉइंट एकच मिळतो.

उतरताना मात्र दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून उतरा. नेटखाली समोरच्याच्या पावलावर पाय पडून घोटा मुरगळणं ही या खेळातली नेहमीची दुखापत आहे, ऑफिसच्या मॅचमध्ये तर वॉर्मअप न करता येतात लोकं आणि मग महिनाभर लंगडतात. अंगठी काढून ठेवा, नखं कापा. ब्लॉक करताना बोटं पसरलेली पण कडक ठेवायची, सैल बोटांवर बॉल आला की बोट सुजतं.

तीन आठवड्यांचं म्हणाल तर मी असं करेन. पहिला आठवडा नेट लावूच नका, जोडीने समोरासमोर उभं राहून नुसते पास, नंतर तिघांत त्रिकोण करून पास. दुसऱ्या आठवड्यात फक्कीने रेषा आखा, ३ मीटरची रेषाही आखा, पलीकडून एकाने सर्व्हिस करायची आणि अलीकडे रिसीव्ह, सेट, आणि उडी न मारता नुसता प्लेसिंगचा बॉल पलीकडे. सोबत रोटेशन बॉलशिवाय, नुसतं चालत, सगळ्यांचा क्रम पाठ होईपर्यंत. तिसऱ्या आठवड्यात स्मॅश आणि मॅच. नेट उंच वाटत असेल तर प्रॅक्टिसला सुरुवातीला अर्धा फूट खाली घ्या, हाताची चाल बसली की परत वर, पण शेवटचे चार-पाच दिवस पूर्ण उंचीवरच खेळा. तुमच्या टीममध्ये उंची कशी आहे आणि सेटिंग कोण करतंय ते कमेंटमध्ये सांगा, रोटेशनमध्ये कुणाला कुठे उभं करायचं ते त्यावरून लिहून देतो.