पाणवाट : नकाशावर तळं आहे, वाट नाही

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत मिनियापोलिसला नोकरीला आहे. येत्या ऑगस्टमध्ये आम्ही दोघं नवरा-बायको त्याच्याकडे जाणार आहोत. बाउंड्री वॉटर्स नावाच्या जंगलात कॅनू (वल्ह्याची हलकी, अरुंद होडी) घेऊन चार-पाच दिवस फिरायचं त्याने ठरवलंय. त्याच्या मनात एक छोटं तळं आहे. तिथे जायला पायवाट नाही, म्हणून कुणी फिरकत नाही. जवळच्या मोठ्या तळ्यापासून कॅनू खांद्यावर घ्यायची आणि रानातून वाट काढत जायचं, असं तो म्हणतो. माझं वय ५८. गोदाकाठचा आहे, पोहतो, शेतातली कामं अजून स्वतः करतो. मला हे झेपेल का? आणि झाडांना रंगीत रिबिनी बांधत गेलो तर परतीची वाट सापडेल का?
— एक वाचक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : झेपेल. मात्र अशा सहलीत माणसं पाण्याची काळजी फार करतात आणि जमिनीची फारशी नाही. ते उलट करा. लाइफ जॅकेट अंगात असेल आणि वारा पाहून काठाकाठाने गेलात, तर ऑगस्टमधल्या तळ्यांवर तुमच्यासारख्या पोहणाऱ्या माणसाला फारसं अवघड नाही. अवघड आहे तो शेवटचा अर्धा मैल.

इतर वाचकांसाठी थोडं सांगते. नोकरीनिमित्त मी मिनेसोटातल्या डुलुथला राहत होते, तेव्हा सुट्टी मिळाली की याच भागात जायचे. मिनेसोटाच्या ईशान्य कोपऱ्यात, कॅनडाच्या सीमेला लागून दहा लाख एकरांहून मोठं हे राखीव रान आहे आणि त्यात हजाराच्या वर तळी आहेत. १९६४ च्या वन्यक्षेत्र कायद्याने आणि नंतर खास याच भागासाठी केलेल्या १९७८ च्या कायद्याने ते राखलं गेलं. आत रस्ते नाहीत, बहुतेक तळ्यांवर मोटरबोटीला बंदी आहे. एका तळ्यातून दुसऱ्यात जायचं तर होडी आणि सामान खांद्यावर घेऊन मधली जमीन ओलांडायची. त्या पायवाटेला पोर्टेज म्हणतात. तिची लांबी रॉडमध्ये मोजतात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, जवळजवळ एका कॅनूइतका, आणि ३२० रॉडचा एक मैल. या वाटा तिथल्या मूळ रहिवासी ओजिब्वे लोकांच्या पायांनी पडल्या. फरचे व्यापारी त्या वापरू लागले ते नंतर.

तुमचा मुलगा म्हणतो त्या तळ्याला ही वाटच नाही. मी अशा तळ्यांवर गेले आहे आणि त्यांची नावं इथे देणार नाही.

सुरुवात घरी, टेबलावर नकाशा पसरून करायची. फिशर किंवा मॅकेन्झी यांचे कॅनू-नकाशे पोर्टेज दाखवायला उत्तम. पण वाट नसलेल्या ठिकाणी १:२४,००० चा सरकारी टोपोग्राफिक नकाशाच हवा, कारण त्यावर जमिनीचा चढउतार दाखवणाऱ्या समोच्च रेषा दाट असतात. दोन तळ्यांमधली सरळ रेघ आखून तीच वाट समजणं नवख्या लोकांना फार आवडतं. तसं करू नका. मध्ये दलदलीची खूण असेल तर ती टाळा, अंतर दुप्पट झालं तरी चालेल. तिथल्या सखल भागात ब्लॅक स्प्रूसची झाडं आणि खाली गुडघाभर शेवाळ असतं. पाय टाकला की आत जातो आणि काढताना बूट तिथेच राहायला बघतो. ओढ्याच्या कडेने जावं असं वाटतं, पण तिथे आल्डरची झुडपं माजलेली असतात. येलदरीच्या फुगवट्याला बेशरमीच्या रानात कधी शिरला असाल, तर आल्डर काय चीज आहे ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. फांद्या आडव्या वाढतात, लवतात, मोडत नाहीत. त्यापेक्षा उंचवटा धरा. खडकाळ कण्यावर पाइनची झाडं विरळ असतात आणि पायाखाली कातळ असतो. मूस नावाचं थोराड हरीणही बऱ्याचदा तीच वाट धरतं. लेंड्यांचे ढीग दिसले की समजावं, आपण फार चुकलेलो नाही.

आता मुलाला एक गोष्ट आवर्जून विचारा : मधल्या पट्ट्यात कधी आग लागली होती का, वादळाने झाडं पडली आहेत का? ४ जुलै १९९९ ला या भागावरून जे वादळ गेलं, त्याने लाखो एकरांवरची झाडं आडवी केली. त्यातली खोडं आज कुजून मऊ झालीत, पण त्यांच्यामधून नवी झाडं दाटीने वर आलीत. वणवा गेलेल्या जागी तर जॅक पाइनच्या रोपांची भिंतच उभी राहते. या झाडाची बोंडं राळेने बंद असतात, आगीच्या धगीने उघडतात आणि सगळं बी एकदम पडतं. अशा जागेत माणूस कसाबसा घुसतो, सतरा फुटी कॅनू घुसत नाही. उपग्रहावरून घेतलेल्या चित्रात हा हिरवा पट्टा एकसारखा, गवताच्या मैदानासारखा दिसतो. त्याला भुलू नका.

प्रत्यक्ष तिथे पोहोचलात की कॅनू पाण्याबाहेर काढून झाडाला बांधून ठेवा आणि आधी रिकाम्या हातांनी जाऊन या. हे मी जिथे संधी मिळेल तिथे सांगते. ओझं नसलेला माणूस बघत चालतो, ओझं असलेला नुसता पुढे रेटतो. वाट ठरली की मग सामान, आणि शेवटी कॅनू. केव्हलार या मजबूत, हलक्या कृत्रिम धाग्याची कॅनू १८ ते २० किलोंची असते, जुन्या ॲल्युमिनियमच्या कॅनूचं वजन ३४ किलोंच्या आसपास जातं. भाड्याने केव्हलारचीच घ्या, पण ती खडकावरून किंवा खुंटांवरून ओढायची नाही, फाटते. मोकळ्या पोर्टेजवर एकटा माणूस मधली दांडी खांद्यावर घेऊन ती उलटी धरतो आणि सरळ चालत सुटतो. झाडीत ते जमत नाही. डोकं होडीच्या आत असतं, समोरचं दहा पावलांपलीकडे दिसत नाही आणि होडीचं नाक दोन खोडांच्या बेचक्यात जाऊन बसतं. म्हणून उचलणारा एक, आणि पुढे होकायंत्र घेऊन बोलत राहणारा एक. 'डावीकडे घे, थांब, नाक खाली कर, आता ये.' वाटेत खाली ठेवायची वेळ येते तेव्हा नाक एखाद्या फांदीच्या खोबणीत टेकवून उभी करा. जमिनीवरून पुन्हा उचलण्यात जेवढी ताकद जाते तेवढी चालण्यातही जात नाही.

डोळे सांभाळा. स्प्रूसच्या खालच्या फांद्या सावलीत वाळतात, पण गळत नाहीत. काडीएवढ्या बारीक, करड्या, टोकाशी काट्यासारख्या, आणि नेमक्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर. पुढचा माणूस फांदी सरकवतो आणि ती सुटून मागच्याच्या तोंडावर येते. साधा पारदर्शक चष्मा घाला, पूर्ण बाह्यांचा जाड सदरा घाला, आणि दोघांत चार-पाच पावलांचं अंतर ठेवा.

वेळेचा माझा हिशेब असा : चांगल्या पोर्टेजवर अर्ध्या मैलाला पंधरा मिनिटं, वाट नसेल तर दोन तास. सामान दोन खेपांत न्यायचं तर तोच तुकडा तीनदा चालावा लागतो, हे त्यात अजून धरलेलं नाही. तेव्हा सकाळी लवकर निघा, आणि निघण्याआधीच ठरवा की दुपारी एक वाजेपर्यंत तळं दिसलं नाही तर मागे फिरायचं. ही वेळ काठावरच ठरवा, रानात नाही. रानात शिरल्यावर 'आता आलंच' असं प्रत्येकाला वाटतं. तळं खरंच जवळ आलं की त्याची खूण पाण्याची नसते, उजेडाची असते. दाट झाडीत आभाळ एरवी डोक्यावर दिसतं. तळ्याजवळ ते खोडांच्या मधून, कमरेच्या उंचीवर दिसायला लागतं.

आता रिबिनी. बांधू नका. तुम्ही परतताना सगळ्या सोडाल असं म्हणाल, आणि मनापासून म्हणाल, पण थकलेला माणूस दहातल्या सात सोडतो. उरलेल्या तीन पुढच्याला सांगतात की इथून कुणी गेलंय. तो जातो, आणखी तीन बांधतो, आणि थोड्या वर्षांत तिथे वाट पडते. त्या तळ्यावर कुणी जात नाही याचं एकमेव कारण वाट नसणं हे आहे. तेच संरक्षण आहे त्याचं, दुसरं काही नाही. कुऱ्हाडीने खूण करणं तर दूरच, जिवंत झाड तोडायला तिथे बंदीच आहे. होकायंत्राने जा, उलट्या दिशेने परत या. दर शंभर पावलांवर मागे वळून बघा, कारण परतीचं रान वेगळंच दिसतं. जीपीएस जवळ असू द्या, पण बॅटरी संपेल असं धरूनच चाला. गनफ्लिंट ट्रेल या रस्त्याच्या बाजूने शिरणार असाल तर एक लक्षात ठेवा : तिथल्या काही खडकांत लोह आहे. मॅग्नेटिक रॉक नावाच्या शिळेजवळ सुई भलतीकडेच वळते. आणि मुलाला प्रेमाने सांगा, परत आल्यावर त्या वाटेचा जीपीएस-माग इंटरनेटवर टाकू नकोस.

परवाना मुलाच्या नावावर असेल तर तो दाखवायला सांगा. १ मे ते ३० सप्टेंबर या काळात मुक्कामी जाणाऱ्यांची संख्या प्रत्येक प्रवेशस्थानी ठरलेली असते आणि आरक्षण जानेवारीच्या शेवटीच उघडतं. एका गटात जास्तीत जास्त नऊ माणसं आणि चार होड्या. मुक्काम फक्त चुलीची जाळी बसवलेल्या ठरलेल्या जागीच करता येतो. म्हणजे त्या लहान तळ्यावर बहुधा राहता येणार नाही. दिवसभरात जाऊन या आणि रात्री मोठ्या तळ्यावरच्या जागी झोपा. ते तळं 'प्रिमिटिव्ह मॅनेजमेंट एरिया'त, म्हणजे वाटा आणि मुक्कामाच्या जागा न राखता तसंच सोडलेल्या भागात येत असेल, तर तिथे मुक्कामाला वनखात्याची वेगळी परवानगी लागते. सीमेवरच्या तळ्यांत पलीकडच्या काठावर सहज म्हणूनही उतरू नका. तो कॅनडा आहे आणि तुमच्याकडे तिथला व्हिसा नाही.

पत्र्याचे डबे आणि काचेच्या बाटल्या आत न्यायला बंदी आहे, म्हणून लोणच्याची बरणी घरीच ठेवा. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी प्लॅस्टिकच्या डब्यात उत्तम टिकते. पण लसणाच्या त्या वासावर काळं अस्वल लांबून येतं, तेव्हा रात्री सगळं खाणं अस्वलाला न उघडणाऱ्या पिंपात, तंबूपासून दूर. पाणी उकळूनच प्या. गोचिडी अंगावर शोधा, रोज संध्याकाळी.

फोनला रेंज नसते. उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र मुलाकडे असू द्या. एक सावधगिरी मात्र : तो ते भेट म्हणून देऊ लागला तर घेऊ नका. भारतात ते परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे आणि विमानतळावर अडवतात.

वहिनींचा उल्लेख तुमच्या पत्रात एकदाच आहे, 'आम्ही दोघं जाणार' इतकाच. त्या काठावर थांबतील असं धरून चालला असाल तर आधी त्यांना विचारा. एकट्या माणसाला अनोळखी तळ्यावर तासन् तास बसवून ठेवणं मला पटत नाही. होकायंत्र घेऊन पुढे चालायला अंगात फार ताकद लागत नाही, लक्ष लागतं. ते काम त्या कदाचित तुम्हा दोघांपेक्षा चांगलं करतील. तयारीसाठी आतापासून दोघांनी रोज पाठीवर वीस किलो घेऊन नांगरटीतून चाला. सपाट रस्त्यावर चालून काही होणार नाही.

प्रश्न : मुलीला कयाक चालवायला येतं. हिवाळ्यात नाथसागरात, जिथे लोक जात नाहीत अशा एखाद्या कोपऱ्यात पक्षी बघायला जावं असं तिला वाटतं. जाऊ द्यावं का?
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : एकटीला नको, आणि परवानगीशिवाय नको. नाथसागर म्हणजेच जायकवाडीचा जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. वनखात्याच्या कार्यालयात आधी विचारा, पाण्यात होडी घालू देतात का आणि कुठे. पट्टकादंब, चक्रवाक, तलवार बदक हे पाहुणे थकून आलेले असतात. कयाक जवळ गेली की थवाच्या थवा उठतो आणि त्यांची तेवढी ताकद वाया जाते. काठावरून दुर्बिणीने बघणं हे पक्ष्यांच्या दृष्टीने केव्हाही बरं.

परवानगी मिळाली तर तीन गोष्टी. हा जलाशय सुमारे ३५० चौरस किलोमीटरचा आहे आणि उथळ आहे. दुपारी वारा सुटला की लाटा लवकर उठतात, म्हणून सकाळी निघून दहा-अकराच्या आत परत. दुसरं, पाण्यात मासेमारीची जाळी आणि शेतीच्या मोटारींचे पाइप असतात, वल्हं अडकतं. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं : पाणी उतरलं की गाळपेरीची जमीन उघडी पडते. वरून तडे गेलेली, वाळलेली दिसते, पण खाली चिखल ओलाच असतो. कयाकमधून उतरून त्यावर पाय ठेवायचा नाही, कितीही कोरडी दिसली तरी.

त्या काठचा एखादा भोई सोबत घ्या आणि त्याच्या दिवसाचे पैसे द्या. तो थर्माकोलच्या चप्पूवर रोज त्याच पाण्यात असतो. जाळी कुठे टाकलीत आणि यंदा गाळ कुठवर आलाय, हे त्याच्याशिवाय कुणाला नीट सांगता येणार नाही.