मुंबईत सायकलने ऑफिसला जाताना रोजचे कपडे चालतात, की सायकलिंगचे खास कपडे घ्यावेच लागतात?

तुमचं घर मुलुंडला, ऑफिस पवईला, अंतर साधारण ९ किलोमीटर. दुकानदाराने सांगितलं की जर्सी, पॅडेड शॉर्ट्स आणि क्लीटचे, म्हणजे तळाच्या खाचेने पेडलमध्ये अडकणारे बूट घेतल्याशिवाय रोजचं जमणार नाही. ऑफिसात अंघोळीची सोय नाही. आणि या सगळ्या विचारात सायकल पंधरा दिवस बाल्कनीत उभी आहे, असं तुम्ही लिहिलंय. ते वाचून राहवलं नाही. आधी ती सायकल खाली उतरवा. कपाटात आहेत ते कपडे पुरतात.

मी सहा वर्षं चेंबूरहून परळला सायकलने जाते. चुनाभट्टी, सायन, किंग्ज सर्कल, दादर टीटी, हिंदमाता असा रस्ता. १० किलोमीटरना सिग्नल धरून पाऊण तास लागतो. अंगावर सुती कुर्ती, लेगिंग आणि पायात मागे पट्टा असलेले सँडल. माझे वडील चेंबूरच्या आरसीएफ खत कारखान्यात होते, ते तर कडक इस्त्रीच्या पॅन्टला पोटरीशी स्टीलची क्लिप लावून रोज कामावर जायचे. डबेवाले १८९० पासून या शहरात डबे पोचवताहेत. पांढरे कपडे, डोक्यावर गांधी टोपी, आणि सायकलच्या हँडलला दोन्ही बाजूंनी लटकलेले डबे. आपल्यापेक्षा कितीतरी जास्त वजन घेऊन ते सायकल चालवतात.

खास कपड्यांना नावं ठेवायची नाहीत मला. जुन्या हायवेने चेंबूरहून लोणावळ्याला गेले होते तेव्हा पॅडेड शॉर्ट्स घातली नसती तर खंडाळ्याचा घाट चढवला नसता. पण ते कपडे कशासाठी असतात ते बघा. वाकून, तासन्‌तास, वेगात सायकल चालवणाऱ्याला वारा अडवतो. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा विरोध चौपट होतो, म्हणून अंगाला चिकटलेली जर्सी. पुढे वाकल्यावर पुढचे खिसे कामाचे राहत नाहीत, म्हणून तिचे खिसे पाठीवर. तुमच्या वाटेतल्या एलबीएस मार्गावर सकाळी तुमचा वेग ताशी १५ किलोमीटरच्या वर जाणार नाही, त्यामुळे यातलं काहीच तुमच्या उपयोगाचं नाही. क्लीटचे बूट तर घेऊच नका. पेडलमध्ये अडकलेला पाय सोडवायला पाऊल बाहेर वळवावं लागतं, आणि आपल्याकडे रिक्षा कधी डावीकडे घुसेल ते रिक्षावाल्यालाही आधी माहीत नसतं. पाय क्षणात जमिनीवर टेकता आला पाहिजे.

बसायला दुखत असेल तर बहुतेक वेळा चूक सीटची असते. टाच पेडलवर ठेवून पेडल खाली नेलं की पाय सरळ झाला पाहिजे, तेवढी सीट वर घ्या. जीन्स मात्र टाळा. जाड शिवणी नेमक्या बसायच्या जागी एकत्र येतात, मांड्या काचतात, आणि भिजली तर संध्याकाळपर्यंत वाळत नाही.

माझं मत विचाराल तर खर्च सायकलच्या अंगावर करा. पूर्ण चेनकव्हर, दोन्ही मडगार्ड, मागे कॅरिअर. चेनकव्हर असलं की पॅन्टला काळं लागत नाही आणि मडगार्ड असले की पाठीवर चिखलाची रेघ उठत नाही. कॅरिअर सगळ्यात महत्त्वाचं, कारण पाठीवरच्या सॅकखाली जो घाम येतो तो शर्टाला दिवसभर सोडत नाही. सॅक कॅरिअरवर बांधा, निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

मागच्या चाकाला जाळी लावायला मी दोन वर्षं टाळाटाळ केली होती. चुनाभट्टीच्या सिग्नलला एका सकाळी ओढणीचं टोक मागच्या चाकात गेलं. ओढणी खांद्याला पिनने लावलेली, त्यामुळे ती सुटली नाही, गळ्याभोवती आवळत गेली. मी डावीकडे कलंडले. पंक्चरच्या दुकानातला मुलगा धावत आला. मी घाबरून ओढणी खेचत होते, तर तो म्हणाला, "ओढू नका ताई, चाक उलटं फिरवू." एका हाताने त्याने सायकल उचलून धरली आणि चाक वीत वीत मागे फिरवत कापड मोकळं केलं. ओढणीवर ग्रीसचे काळे पट्टे, कुर्ती खांद्यापाशी उसवलेली, मानेवर लाल वळ. तो वळ आठवडाभर होता. तेव्हापासून ओढणी पिशवीत आणि चाकाला जाळी. तुमच्या घरातलं कुणी ओढणी किंवा साडी नेसून सायकलवर बसणार असेल तर ही जाळी आधी बसवा, बाकीचं नंतर.

आता घाम. मुंबईत तो येणारच. आपली हवा आधीच दमट, त्यात घाम उडून जायला जागाच नसते, म्हणून महागड्या कापडाचाही इथे मर्यादितच उपयोग होतो. साधा ड्रायफिट टी-शर्ट घालून जा आणि पोचल्यावर शर्ट बदला. पण लगेच बदलू नका, इथेच सगळे चुकतात. सायकल थांबली की अंगावरचा वारा थांबतो, शरीर मात्र तापलेलंच असतं, आणि पुढची दहा मिनिटं घाम आणखी फुटतो. तेव्हा घातलेला कोरडा शर्ट लगेच ओला होतो. मी पंख्याखाली बसते, पाणी पिते, मग पंचा ओला करून मान, काखा, पाठ पुसते आणि नंतर कुर्ता घालते. अंघोळ लागत नाही. वास येतो तो शिळ्या घामाचा. घरून अंघोळ करून निघालात आणि सायकलचा टी-शर्ट रोज धुतलात तर शेजारच्याला कळणारही नाही. सोमवारी मी कुर्ल्याला गाडी बदलत लोकलने जाते आणि आठवड्याचे चार इस्त्रीचे कुर्ते नेऊन ऑफिसच्या कपाटात टांगते. कांजूरहून आयआयटीकडे तुम्हाला चढ आहे. तिथे जोर लावू नका, पाच मिनिटं जास्त लागली तरी चालतील.

पावसाळ्यात मी रेनकोट घालत नाही. आतून घामाने भिजायचं तर पावसाने भिजलेलं बरं. कोरडे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवायचे. मात्र काळ्या-करड्या कपड्यांत धुवांधार पावसात तुम्ही बसच्या ड्रायव्हरला दिसतच नाही, म्हणून वरून चमकत्या पट्ट्यांचं पिवळं जाकीट आणि मागे लाल दिवा. हेल्मेट बारा महिने. सायकलला कायद्याने सक्ती नाही, तरी घाला. पावसात पाय पूर्ण झाकणारे बूटच हवेत, आणि हिंदमाताला पाणी भरलं की मी त्यात उतरत नाही, दादरलाच थांबते. पाण्याखालचं उघडं मॅनहोल दिसत नाही. शिवाय पायाला खरचटलेलं असलं तर तुंबलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस या तापाची भीती असते.

एक गोष्ट मला फार लागते, ती सांगते. खास कपड्यांनी एक गोष्ट नक्की मिळते, गेटवरचा मान. आमच्या ऑफिसच्या इमारतीत साध्या कुर्तीत, काळ्या लेडीज सायकलवर आले की मला "डिलिव्हरी मागच्या गेटने" असं ऐकावं लागायचं. जर्सी घालून महागड्या सायकलवर येणारे एक साहेब त्याच गेटातून सरळ आत जायचे. आमचा सफाई कामगार कुर्ल्याहून सायकलने यायचा, त्याला ती बाहेर रस्त्यावर लावावी लागायची. एकदा तिची सीट चोरीला गेली. मी अर्ज लिहिला, त्याच्यासह अकरा जणांच्या सह्या घेतल्या, चार महिने मागे लागले. आता जनरेटरशेजारी लोखंडी दांडा बसवलाय आणि सगळ्यांच्या सायकली तिथेच लागतात, त्याची, माझी, त्या साहेबांचीही.

तुमच्या ऑफिसात अशी जागा आहे का, ते आधी विचारून घ्या. आणि या रविवारी सकाळी ऑफिसचेच कपडे घालून एकदा पवईपर्यंत जाऊन या. कुठे काचतं, कुठे घाम धरतो ते तिथेच कळेल. परत आल्यावर इथे लिहा, मी वाट बघते.