एका ओळीत फुसकी वाटणारी कथा

सोसायटीची बंद पडलेली लिफ्ट आणि तिच्या खर्चावरून सभासदांत पेटलेला वाद, एवढ्या कल्पनेवर चांगला चित्रपट होईल का, असे आपण विचारले आहे. होऊ शकेल, असे माझे मत आहे. मात्र ‘दिग्दर्शक चांगला असला की काहीही चालते’ हे त्याचे नेहमी दिले जाणारे कारण मला पटत नाही.

उमेश कुलकर्णी यांचा ‘वळू’ (२००८) पाहा. गावात मोकाट सुटलेल्या वळूला पकडायला वन खात्याचा अधिकारी येतो, एवढे ऐकून कोणता निर्माता पैसे लावील? पण या वळूला, म्हणजे डुरक्याला, पकडायचे ठरताच गावातल्या प्रत्येकाला काहीतरी भूमिका घेणे भाग पडते: सरपंच आणि त्याचा विरोधक यांच्या राजकारणाला नवे निमित्त मिळते, आणि अधिकाऱ्याचा भाऊ माहितीपटासाठी कॅमेरा घेऊन आल्यामुळे जो तो त्याच्यापुढे डुरक्याच्या आपापल्या कहाण्या रंगवून सांगू लागतो. वळू पडद्यावर नसतानाही चित्रपट पुढे सरकतो, तो यामुळे.

‘श्वास’ची अडचण उलटी होती. डोळ्यांच्या कर्करोगामुळे दृष्टी गमावणार असलेला नातू आणि त्याचे आजोबा ही जोडी रडारडीला आयतेच आमंत्रण होती. पण शस्त्रक्रियेने मुलाचा जीव वाचणार आहे हे कळल्यावर, पुढे काय घडणार आहे हे त्याला कोणी आणि कसे सांगायचे, हाच पेच उरतो, आणि एवढ्या अवघड कामापुढे अश्रूंना फारशी सवडच राहत नाही. (२००३ सालचे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक त्याला मिळाले, हे अनेकांना आठवत असेल.) चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ तर तारखांवर तारखा पडणाऱ्या खटल्याचा, तो मध्येच सरकारी वकील असलेल्या बाईच्या घरी जाऊन जेवणाची तयारी दाखवतो, आणि त्यानंतर न्यायालयातला तिचा कोरडा आवाज आपल्याला वेगळा ऐकू येतो.

उलट, ऐकताक्षणी टाळी घेणाऱ्या कल्पनांची मला अधिक धास्ती वाटते, कारण त्यांतल्या बऱ्याच त्या एका ओळीतच संपलेल्या असतात.

तेव्हा लिफ्टची कल्पना बदलू नका. सातव्या मजल्यावरून कोणाला रोज खाली उतरावेच लागते, तळमजल्यावरचा कोणता सभासद वर्गणी द्यायला नकार देतो, आणि या दोघांचे पूर्वीचे देणेघेणे काय आहे, हे आधी लिहून काढा. सर्वसाधारण सभेचा प्रसंग त्यानंतरच लिहायला घ्या.