फ्युएल सेलमधलं व्होल्टेज जातं कुठं?

प्रश्न: कॉलेजच्या लॅबमध्ये हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन जुळवून वीज करणाऱ्या फ्युएल सेलचं छोटं किट आहे. पुस्तकात १.२३ व्होल्ट लिहिलंय, पण काहीच न जोडता मीटर ०.९४ दाखवतो आणि खेळण्यातला पंखा लावला की ०.६५, अर्ध्या तासानं तर अजून खाली. हायड्रोजन कमी पडतोय का?
– बीएस्सीची विद्यार्थिनी, सातारा

उत्तर: हायड्रोजनला दोष देऊ नकोस, खरी अडचण पलीकडच्या इलेक्ट्रोडवर आहे. प्लॅटिनमवर हायड्रोजनचा रेणू चटकन फुटतो त्यामुळे हायड्रोजनच्या बाजूच्या इलेक्ट्रोडवर, म्हणजे अ‍ॅनोडवर फारसं काही वाया जात नाही. ऑक्सिजनच्या बाजूच्या कॅथोडवर मात्र ऑक्सिजनच्या एकेका रेणूचा चिवट बंध तोडायचा, त्याला चार इलेक्ट्रॉन आणि चार प्रोटॉन द्यायचे, आणि हे सगळं एवढ्या कमी तापमानाला, त्यामुळे ही रिअ‍ॅक्शन हायड्रोजनच्या मानानं लाखो पटींनी संथ चालते, आणि तिला रेटण्यात जे व्होल्टेज खर्च होतं तेच मुख्यतः तुला कमी दिसतं. लोड नसतानाही पूर्ण १.२३ मिळत नाहीत कारण थोडा हायड्रोजन दोन इलेक्ट्रोडमधल्या पातळ पडद्यातून, म्हणजे मेम्ब्रेनमधून, झिरपून थेट कॅथोडवरच जळतो, शिवाय प्लॅटिनमवर ऑक्साइडही बसतं.

अर्ध्या तासानंतरची घसरण बहुतेक पाण्यामुळे. पाणी कॅथोडवरच तयार होतं, थंड सेलमध्ये त्याची वाफ होत नाही, मग हवा आत येते त्या सच्छिद्र कार्बन पेपरची भोकं तुंबतात आणि ऑक्सिजन प्लॅटिनमपर्यंत पोचतच नाही. म्हणून तर त्या पेपरला पाणी झटकणारं टेफ्लॉन लावलेलं असतं. पण सगळं कोरडं करूनही चालत नाही, मेम्ब्रेन ओलं असलं तरच प्रोटॉन पुढे सरकतात. मला विचारशील तर या सेलमधलं सगळ्यात देखणं काम हेच, पाणी ठेवायचंही आणि काढायचंही. २०२० मध्ये पुण्यात एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आणि केपीआयटी या कंपनीनं जी कार चालवून दाखवली तिचा सेल याच जातीचा, ६५ ते ७५ अंशांवर चालणारा.

हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून केलेला असता तर तुझा संशय रास्त होता, त्यात कार्बन मोनॉक्साइड १० पीपीएम (दहा लाखांत दहा भाग) राहिला तरी प्लॅटिनमला चिकटून बसतो आणि अ‍ॅनोडच अडतो. पाण्यातून काढलेल्या हायड्रोजनमध्ये ती भानगड नाही.

खात्री करायचीय? पंखा चालू ठेव आणि कॅथोडला हवेऐवजी इलेक्ट्रोलायझरमधून (विजेनं पाणी फोडणाऱ्या उपकरणातून) निघणारा ऑक्सिजन दे. व्होल्टेज एकदम वर उसळलं तर भोकं तुंबलीत, जेमतेम वाढलं तर ती ऑक्सिजनची संथ रिअ‍ॅक्शनच.